चाळीस वाव

नागदेवीच्या बोळात, बेअरिंगच्या दुकानांवर
लाकडी जिना चढून गेलं की हुझैफाचा पोटमाळा.
त्यानं माझे पांढरे केस पाहिले, पायांतल्या चपला पाहिल्या,
आणि काचेआडून एक गुलाबी रीळ काढलं.
"आंटी, हलका है. लेडीज लोग को चलता है."

मी म्हटलं, चाळीस वाव.

गुलाबी आत गेलं.

मग काउंटरवर तीन आली.
एक चपळ: मुठीच्या एका फेरीत अडीच हात दोरा गिळणारं,
सुरमईमागे धावणाऱ्यांचं.
एक मंद, बसकं, उखळासारखं.
फेरीला जेमतेम दीड हात,
पण खडकाच्या कपारीत शिरलेला हेकरू
गालफडं फुगवून बसला, की हेच.
तिसरं जपानी.
त्याची किंमत त्यानं पालथी ठेवली होती.

मी मूठ फिरवली, डोळे मिटून.
एकतीस वर्षं परळच्या थिएटरात
माणसांना झोपवण्याचं काम केलं.
मॉनिटरचा सूर उतरायच्या आधीच
उतरलेला ऐकू यायचा मला,
सर्जनला टाके मोजायला मोकळं ठेवून.
"या चपळात काहीतरी आहे," मी म्हटलं. "कणभर."
हुझैफाची सुपारी गालात थांबली.
"एकदाच गेलं होतं पाण्यात," तो म्हणाला,
"गिऱ्हाईक परत देऊन गेलं."
झाकण उघडलं, तर दात्यांच्या खाचेत
मीठ, राईएवढं.

दोऱ्याचं टोक त्यानं
रद्दीवाल्याच्या काट्याला बांधलं.
ड्रॅग कितीवर लावू?
मी ओढत गेले. काटा चढला,
चार किलोवर चकत्या निसटल्या, आवाज न करता.
"आणखी थोडं सैल."
"आणि मासा मोठा असला तर?"
"म्हणूनच."

मग त्यानं मला उभं केलं,
हातात झाडूचा दांडा, टोकाला दोनशे ग्रॅमचं शिसं,
आणि म्हणाला, चाळीस झटके मारा, मग बोलू.
खालचे बेअरिंगवाले जिन्यातून डोकावून गेले.
सव्विसाव्याला उजवा खांदा बोलला.
दोन वर्षांपूर्वी आखडला होता,
तेव्हा वेणीही दुसऱ्यानं घालावी लागे.
शेवटी मी ती कापलीच.

"डाव्या मुठीचं आहे?"
तो स्टुलावर चढला. माळ्याच्या मागून
धुळीचं एक खोकं काढलं:
तेच मंद, उखळासारखं, पण उलट्या अंगाचं.
चार वर्षं कुणी हात लावला नव्हता.
त्यावर फुंकर मारत त्यानं आपणहून नऊशे कमी केले,
मी आणखी चारशे.

दोरा भरताना सांगत राहिला:
"नळाखाली धुताना ड्रॅग आवळून धरा,
पाणी आत शिरत नाही.
ठेवताना पूर्ण सैल सोडा, नाहीतर आतल्या चकत्या
एकमेकींना चिकटून बसतात,
आणि ऐन वेळी एकही हलत नाही."
मी मान हलवली. त्याला वाटलं, रिळाबद्दल.

दर दहा मीटरला दोऱ्याचा रंग बदलतो,
पिवळा, निळा, तांबडा, हिरवा, केशरी, पुन्हा पिवळा.
रविवारी पहाटे चारला मढहून
पास्कू तांडेलची होडी सुटेल.
गेल्या खेपेला त्यानं दिलेलं उसनं रीळ
तळ लागायच्या आतच अडलं.
या वेळी शिसं सोडलं की मी आकडे मोजणार,
पेशंटना सांगायचे तसेच, उलटे.
शंभर. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
त्र्याण्णवच्या खाली माझ्यासमोर
सहसा कुणी गेलं नाही.
पास्कू म्हणतो, तळ साठाच्या आसपास लागतो.